गळ आणि पाऊणकी

वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि मुलाच्या हातात गळ, असा आमच्या जळोचीच्या घरातला जुना बेबनाव होता. जळोची आता बारामती नगरपालिकेच्या हद्दीत गेली आहे; पण माझ्या लहानपणी ते बारामतीला खेटून असलेले एक खेडे होते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीला मुक्कामाला येई आणि आप्पा तिच्याबरोबर पंढरपूरला चालत जात. ते परत येईपर्यंतचे दिवस म्हणजे माझा हंगाम. वारीने मला पुण्य दिले की पाप, याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

आमच्या भागात पाणी हुकमाने येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला, आणि तेव्हापासून आवर्तन कधी सुटायचे व कधी बंद व्हायचे हे खाते ठरवते. आवर्तन बंद झाले की कालव्याच्या तळाशी डबकी उरत आणि त्यांत शिंगट्या वळवळत. कऱ्हेच्या डोहांत मरळ असे, वाम असे. एका म्हाताऱ्या भोयाने मला गळाला गांडूळ कसे ओवायचे, ज्वारीच्या धांड्याचा तुकडा तंगुसाला बांधून पाण्यावर कसा तरंगता ठेवायचा आणि मुख्य म्हणजे गप्प कसे बसायचे, हे शिकवले. तिसरी गोष्ट मला अद्याप नीट साधलेली नाही.

पुढे 1980 साली भीमेवरचे उजनी धरण झाले आणि इंदापूर तालुक्याची कड पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते, आणि ते पाहायला माणसे लोटतात. मी मात्र पाठ फिरवून भिगवणच्या बाजूला गळ टाकून बसे. रोहू, कटला ही बडी मंडळी क्वचितच दर्शन देत. रोजची गाठ चिलापीशी. ही मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणलेली. बदलीवर आलेल्या माणसाने चार दिवसांत सारी कचेरी ताब्यात घ्यावी, तसे तिने अवघे धरण काबीज केले.

माझी बदली झाली ती 1994 साली, रत्नागिरीला. आंबा घाट उतरताना माझ्या सामानात वळकटीपेक्षा जास्त जपून बांधलेल्या दोन काठ्या होत्या. पाणी ते पाणी, फार तर थोडे खारट असेल, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात मोडली. कचेरी सुटली की मी भाट्याच्या खाडीवर जाई, आणि खाडी जागेवर नसे! समोर नुसता चिखल, त्यात धावणारे खेकडे आणि दूरवर चमकणारी पाण्याची एक रेघ. देशावरचे पाणी साहेबासारखे. त्याचा हुकूम एकदा कळला की पंधरा दिवस निश्चिंती. इथले पाणी दिवसातून दोनदा येई, दोनदा जाई, आणि रोज वेळ बदली.

बोलीही फसवी निघाली. आम्ही गळ टाकतो, कोकणात गरवायला जातात. आमची वाम ही डोहातल्या दगडांत राहणारी, पाठीवर काट्यांची रांग असलेली. इथल्या बाजारात वाम मागितली तेव्हा कोळणीने माझ्यापुढे समुद्रातला हातभर लांबीचा, निराळ्याच कुळीचा मासा टाकला. शिंगटीच्या ओळखीवर विसंबून मी एका शिंगाळ्याला बिनधास्त धरले, तर त्याने आपला विषारी काटा अंगठ्यात असा रुतवला की रात्रभर हात ठणकत होता. पहिला खरा उपकार केला तो काळुंदरीने. घरून नेलेल्या कणकेच्या गोळीला ती लागली. गावाकडचे काही तरी इथे चालले, याचा मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

परमुलखात आलेल्या गळकऱ्याची ही फजिती जुनीच असली पाहिजे. मद्रास इलाख्यात मुलकी अधिकारी म्हणून आलेल्या हेन्री थॉमसने 1873 साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर आख्खे पुस्तक लिहिले, ते आपल्या मागून येणाऱ्या देशबांधवांच्या सोयीसाठी. त्याच्याही साडेसातशे वर्षे आधी कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ सांगितला. त्यात समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला काय खाऊ घालावे, हे सारे आहे. राजाला तो विनोद. माझ्या घरी तो गुन्हा.

1996 च्या आषाढात आई गेली आणि दिवस झाल्यावर आप्पा माझ्याकडे राहायला आले. वारी त्या वर्षी चुकली होती. मी काठ्या न्हाणीघरामागे दडवल्या. पस्तिशीचा बाप्या माणूस, दोन मुलांचा बाप, पण काठ्या दडवल्या. त्यांनी त्या दुसऱ्याच दिवशी पाहिल्या आणि काही बोलले नाहीत. घरात ते एकूणच बोलत नसत. संध्याकाळी मी निघालो की तेही धोतर सावरून मागून येत आणि भाट्याच्या सुरूबनाच्या कडेला माझ्याकडे पाठ करून बसत.

तिथे गरवायला येणारा एक म्हातारा होता. पाणी नुकतेच चढू लागते तेव्हा मासा चरायला आत येतो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ इतकी की शिसे ठरत नाही, अष्टमीच्या भांगाला पाणी आळशी, हे मला त्यानेच सांगितले. तांबोशी हवी तर खडक पाण्याखाली जाता जाता बसायचे, आणि बोय उड्या मारते म्हणून भुलायचे नाही, ती गरीला लागत नाही, हेही त्याचेच. एके दिवशी मी भरतीची वेळ विचारली.

“तिथीची पाऊणपट करा. तेवढे वाजता भरती. आज तिथी कंची?”

मला तिथी ठाऊक नव्हती, आणि पाऊणकी शाळेतच विसरलो होतो. मी बोटे मोजू लागलो. इतक्यात मागून आवाज आला.

“नवमी. पावणेसात.”

मी वळून पाहिले. आप्पा तसेच पाठ करून बसले होते. म्हातारा खूश झाला. मग सुरूच झाले. तो तिथी म्हणे आणि आप्पा पाऊणकी म्हणत: दशमी, साडेसात; द्वादशी, नऊ; चतुर्दशी, साडेदहा. अर्धा तास इकडेतिकडे होतो, असे म्हातारा म्हणाला. “अर्धा तास आम्ही पालखीलाही सोडतो,” आप्पा म्हणाले. आई गेल्यानंतर मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले.

पाणी खरोखर पावणेसातच्या सुमारास थांबले. परतताना भाट्याच्या पुलावर ते म्हणाले, “कऱ्हेत मीही वाम धरलीय. आजा गेला तेव्हा माळ घातली, त्याच्या आधी.”

“कशावर धरायचा, आप्पा?”

“गांडुळावर. दुसरं काय होतं?” आणि थोड्या वेळाने, “चवीला बरी असायची.”

मी मासे आणले की त्यांचे ताट पूर्वीसारखेच वेगळे मांडले जाई. त्यात तिळमात्र फरक पडला नाही. फक्त सकाळी पंचांग उघडले की ते मला हाक मारून वेळ सांगत, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात शिसपेन्सिलीने लिहून ठेवत. दसऱ्यानंतर त्यांनी गावाकडे जायचे काढले. मी त्यांना एस. टी. त बसवून घरी आलो. भिंतीवर वर्षअखेरपर्यंतच्या साऱ्या वेळा लिहिलेल्या होत्या, डिसेंबरच्या शेवटच्या तारखेपर्यंत.

ते कॅलेंडर माझ्याजवळ अजून आहे. त्यात महिन्याला दोन चौकटी कोऱ्या आहेत. एकादशीची पाऊणपट सव्वाआठ होते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नव्हे.