अम्मींच्या ओढणीला चिकटलेलं बी

घाटनांदूरच्या आमच्या अंगणात मोगरा, मेंदी आणि गुलाबाची दोन झाडं, एवढीच बाग होती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकटीने लातूरहून बियांची एक पुडी आणली. वर निळ्या फुलाचं चित्र आणि नाव ‘फर्गेट मी नॉट’, म्हणजे ‘मला विसरू नकोस’.

आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि कोवळी मुळं कुजतात. म्हणून आम्ही माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समसमान मिसळून कुंड्या भरल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बी पेरलं, ते जेमतेम झाकेल एवढीच माती वर टाकली. बारा दिवसांत कोंब आले. थंडी वाढली तशी रोपंही वाढली आणि जानेवारीत गुडघ्याएवढी होऊन निळ्या फुलांनी भरून गेली.

अम्मींनी त्या लांबट, लवदार पानांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “अगे, ये तो गावजबान है!” त्यांच्या माहेरी छातीत धडधड झाली की हकीमसाहेब गावजबान द्यायचे. आम्ही हसून सोडून दिलं. चूक तिथेच झाली.

काही दिवसांनी अम्मींना चक्कर आली. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं, तर बीपी फार वाढलेला. विचारल्यावर कळलं, आठ दिवसांपासून गोळ्या बंद आणि रोज सकाळी त्या पानांचा काढा! गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, काढा बंद केला. अम्मी रुसल्या. “हमारे जमाने का इलाज तुमको झूठ लगता,” म्हणून दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

त्यांना समजवायचं तर झाड नेमकं कोणतं, ते आधी आम्हाला कळायला हवं होतं. एक फांदी घेऊन आम्ही वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न केला, “बी कुठंय?” खऱ्या ‘फर्गेट मी नॉट’चं बी गुळगुळीत आणि चकचकीत असतं, असं त्यांनी सांगितलं. घरी आलो तर अम्मींच्या ओढणीला बारीक काटेरी दाणे चिकटलेले. कुंड्यांजवळून जाताना लागलेले. झाडावर पाहिलं, तर सुकलेल्या प्रत्येक फुलाजागी तसेच चार-चार दाणे.

उलगडा झाला. हे ‘चायनीज फर्गेट मी नॉट’, शास्त्रीय नाव सायनोग्लॉसम. खरं ‘फर्गेट मी नॉट’ म्हणजे मायोसोटिस. त्याला गारवा आणि ओल लागते. आपल्या उन्हाळ्यात ते तगणं कठीण.

भाषा शिकवणाऱ्या आम्हाला नावांची गंमत वाटली. मायोसोटिस म्हणजे ग्रीकमध्ये उंदराचा कान, सायनोग्लॉसम म्हणजे कुत्र्याची जीभ आणि फारसीत गावजबान म्हणजे गाईची जीभ. सगळी नावं पानावरून पडलेली आणि तिघांचं कुळही एकच. कासच्या पठारावरची निसुर्डी याच कुळातली. आपल्या बांधावर उगवणारा, फूल खाली झुकवणारा छोटा कल्पाही त्यातलाच; त्याला संस्कृतात अधःपुष्पी म्हणतात.

पण कूळ एक म्हणून गुण एक नसतात. आपल्या बाजारात गावजबान म्हणून मिळणारं पान बहुधा हिमालयाकडच्या वेगळ्याच झाडाचं असतं. आमच्या कुंडीतल्या झाडात तर यकृताला, म्हणजे जिगरला, अपाय करणारी द्रव्यं असतात. पान ओळखीचं वाटलं म्हणून काढा करणं किती महागात पडलं असतं!

आम्ही अम्मींना म्हणालो, “तुम्ही खानदान बरोबर ओळखलं, फक्त माणूस ओळखण्यात गल्लत झाली.” त्या हसल्या. आता नाश्ता झाला की धाकटी त्यांच्या हातावर गोळी ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही.

मार्चअखेर रोपं वाळली. अम्मींनी स्वतः बी गोळा करून काचेच्या बरणीत भरलं आणि धाकटीकडून त्यावर चिठ्ठी लिहून घेतली, “फूल है, दवा नहीं.” येत्या नोव्हेंबरात तेच पेरायचं आहे.