असू दे, लागेल

मार्च संपत आला होता. सोसायटीसमोरच्या रस्त्यावर झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावायचं काम चाललं होतं. मी मंडईतून येत होते. वाटेत बादलीत चुना कालवून ठेवलेला होता. त्याचा वास आला आणि पाय थांबले. रंग लावणारा मुलगा म्हणाला, "मावशी, बाजूनं जा, शिंतोडे उडतील." मी बाजूला झाले आणि तिथंच उभी राहिले. आई जाऊन आठ महिने झाले होते. तिला पेटीत ठेवताना, माती देताना, नंतर घर आवरताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले, मोठी खंबीर आहे. त्या दिवशी मात्र भर रस्त्यात, हातात मेथीची जुडी धरून मी रडले.

चुना म्हणजे आमच्या घरी ईस्टरच्या आधीचा शनिवार. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये बसायचं आणि क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जणांची प्रवचनं ऐकायची. पाचव्यापर्यंत आम्हा मुलांना झोप अनावर व्हायची. शनिवारी सकाळी बादली, कुंचा आणि खुरपं घेऊन नगरच्या कबरस्तानात जायचं, गवत काढायचं, आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावायचा. आणि रविवारी पहाटे, अजून अंधार असतानाच, सगळी मंडळी पुन्हा तिथंच जमायची. पुनरुत्थानाची उपासना. ढोलकी, टाळ, पेटी. पेटी म्हणजे वाजवायची. पण आमच्याकडे दुसऱ्या पेटीलाही पेटीच म्हणतात, त्यामुळे लहानपणी "पेटी आली का?" असं कुणी विचारलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

धाकटा भाऊ गेला ते वर्ष १९७४. बहात्तरचा दुष्काळ नुकता मागे पडला होता. त्याला घटसर्प झाला. तो चार वर्षांचा होता, मी आठ. जानेवारीत गेला आणि एप्रिलमध्ये ईस्टर आला. त्या पहाटे आम्ही निघालो तेव्हा आईच्या काखेत सोलापुरी चादर होती. बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग, लाल काठ, चार पदरी घडी. एप्रिलमध्ये नगरला पहाटेसुद्धा चादर लागत नाही. वडील काही बोलले नाहीत. कबरस्तानात पोचल्यावर आम्ही धाकट्याच्या कबरीशी बसलो. आदल्या दिवशीचा चुना अजून पुरता वाळला नव्हता, माझ्या फ्रॉकला तो लागत होता. मी बसायला घ्यावी म्हणून चादर ओढली. आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि हळूच म्हणाली, "ती नको. ती राहू दे."

आयुष्यभर मी त्या दोन वाक्यांपाशी परत परत येते.

आठ वर्षांच्या पोरीला जे कळायचं ते कळलं. संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं की येशू तिसऱ्या दिवशी उठला आणि एक दिवस सगळे उठतील. उठतील तर ईस्टरलाच उठतील, आणखी केव्हा? तोही झोपेतून उठतो तसा उठेल, डोळे चोळत, उघड्या अंगानं. झोपेतून उठला की त्याला नेहमीच थंडी वाजायची. चादर त्याच्यासाठी होती. मी कबरीकडे बघत बसले. बाजूच्या काळ्या मातीला उन्हाळ्यानं भेगा पडल्या होत्या. कबरीच्या पायथ्याशी एक चांगली रुंद भेग होती. मोठी माणसं डोळे मिटून प्रार्थना करत होती तेव्हा मी तिच्यात बोटं घातली. आत गार होतं.

पुढे मी जीवशास्त्र शिकले आणि तीस वर्षं ते शिकवलं. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाण्यानं फुगतं, वाळलं की आकसतं, म्हणून भेगा पडतात. कबरीत शरीराचं काय होतं तेही मला क्रमानं सांगता येतं. एकदा नववीतल्या एका मुलानं वर्गात उभं राहून विचारलं, "बाई, तुम्ही ख्रिश्चन ना? मग मेलेला माणूस खरंच उठतो का?" वर्ग एकदम शांत झाला. मी म्हटलं, "परीक्षेत असं लिहू नकोस." सगळे हसले, तास संपला. पण मी त्याला उत्तर दिलं नाही, हे त्यालाही कळलं होतं आणि मलाही.

करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र लिहिताना पौलानं हाच प्रश्न घेतला आहे. ते पत्र इसवी सन ५५च्या सुमाराचं. मेलेले कसे उठणार, कोणत्या शरीरानं, असं विचारणाऱ्याला तो सरळ मूर्ख म्हणतो आणि मग पेरलेल्या दाण्याचं उदाहरण देतो. तो मूर्ख म्हणजे मीच, याबद्दल मला कधी शंका वाटली नाही. पण त्याच पत्रात तो असंही कबूल करतो की ख्रिस्त उठला नसेल तर आपण सगळे फसलो, आपल्याइतकं कीव करण्याजोगं कुणी नाही. हे वाचून मला त्याच्याबद्दल बरं वाटतं. पळवाट ठेवली नाही त्यानं. उठणं म्हणजे मनातली आठवण, किंवा वसंत ऋतू, किंवा चांगल्या विचारांचा विजय, अशी गुळगुळीत सोडवणूक तो करत नाही. उठला किंवा नाही उठला. दाण्याच्या उदाहरणाला मात्र जीवशास्त्राची बाई म्हणून माझी हरकत आहे. दाणा मेलेला नसतो. मेलेली ज्वारी पेरून बघा.

इथं मला पंडिता रमाबाई आठवतात. का, ते नीट सांगता येणार नाही. आमच्या नगरला लागूनही एक केडगाव आहे, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथंच असणार. खरं केडगाव दौंडकडचं. रमाबाईंनी चोविशी गाठण्याआधीच वडील, आई, बहीण, भाऊ आणि नवरा अशी सगळी माणसं घालवली होती. उरली एकुलती एक मुलगी, मनोरमा. ती १९२१च्या जुलैत गेली. रमाबाई त्या वेळी आयुष्यातलं शेवटचं मोठं काम करत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या मूळ बायबल मराठीत आणत होत्या, पंडितांसाठी नव्हे तर साध्या बायकांना वाचता यावं अशा मराठीत. मुलगी गेल्यावर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ला, त्याही गेल्या. त्या वर्षीचा ईस्टर १६ एप्रिलला होता. भाषांतर १९२४ साली छापून आलं.

पोटची पोर पुरल्यानंतर ती बाई त्या पानांवरून नजर कशी फिरवत असेल? मार्कच्या शुभवर्तमानात याईराची बारा वर्षांची मुलगी मरते. येशू तिचा हात धरून तिला उठायला सांगतो, ती उठते. मनोरमा चाळिशीत होती, पण आईला त्यानं काय फरक पडतो? मी ते कितीदा वाचलं असेल, पण त्याच्या पुढचं बारीक वाक्य माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा. सगळे थक्क होऊन उभे आहेत, आणि येशू सांगतो की हिला काहीतरी खायला द्या.

एवढा मोठा चमत्कार झाल्यावर तो जेवणाचं बोलतो. आमच्या आईनं तेच केलं असतं.

आणि 'पुनरुत्थान' हा शब्दही आईच्या तोंडी कधी आला नाही. तो पाळकसाहेबांचा शब्द. ती म्हणायची, "उठणं". ग्रीकमधला 'अनास्तासिस' हा शब्दही तेवढाच साधा आहे, उठून उभं राहणं. आई सातवी शिकलेली होती, ग्रीकशी तिचा संबंध नव्हता. पण या बाबतीत ती मूळ प्रतीच्या जास्त जवळ होती.

पाळकसाहेबांवरून एक जुना राग. धाकट्याच्या दफनविधीला जे पाळक होते ते म्हणाले, "देवाला फुलं आवडतात. तुमच्या बागेतलं सुंदर फूल त्यानं स्वतःसाठी तोडलं." बायका हुंदके देऊ लागल्या. मला तेव्हा एवढंच कळलं की शेजारच्या आवारातली फुलं तोडल्यावर आम्हाला मार बसतो, आणि देवाला कुणी काही बोलत नाही. आज वाटतं, त्या माणसाच्या खिशात त्या दिवशी अख्खा ईस्टर होता आणि त्यानं फुलाचं एक खोटं वाक्य काढून दिलं. येशू मित्राच्या कबरीशी रडला, असं योहान सांगतो. फूल तोडल्याचा आनंद त्याला झालेला दिसत नाही. ते पाळक आता त्याच कबरस्तानात आहेत, आमच्यापासून चार ओळी पलीकडे. शनिवारी बादलीत चुना उरला की आई आजूबाजूच्या बेवारशी कबरींना लावायची, त्यांच्याही कबरीला लावायची. मी लावत नाही. एवढा एक राग मी जपून ठेवला आहे आणि तो सोडायची घाई मला नाही.

चादर दर वर्षी जायची. धाकट्यानंतर आजी गेली, मग वडील गेले, कबरी वाढल्या, चादर एकच राहिली. कॉलेजात असताना मी एक ईस्टर चुकवला, मग सलग सहा चुकवले. परीक्षा, नोकरी, लग्न ही सांगायची कारणं. खरं कारण असं, की त्या चादरीकडे बघणं मला सहन होईनासं झालं होतं. आईच्या भोळेपणाची लाज वाटायची, आणि त्या लाजेची त्याहून जास्त. पस्तिशीत एकदा धीर करून विचारलं, "आई, ती चादर का नेतेस गं?" ती चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "असू दे, लागेल."

यानं उत्तर मिळालं म्हणावं, तर मिळालंही नाही. कारण 'असू दे, लागेल' हे आईचं सगळ्याच बाबतीतलं म्हणणं होतं. गावाला जाताना तिच्या पिशवीत सुतळी, सुई-दोरा, ओव्याची पुडी आणि एक जास्तीचा टॉवेल असायचाच. कुणाला काय लागेल सांगता येतं का? मग चादर ही सवय होती की श्रद्धा? बरीच वर्षं मी या दोन गोष्टी वेगळ्या धरून चालले. आता मला ती फोड करता येत नाही.

पहिल्या ईस्टरच्या पहाटे कबरीकडे निघालेल्या बायका हातात सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या होत्या. वाटेत त्यांना चिंता होती ती धोंड कोण सरकवेल याची. म्हणजे त्या मेलेल्या माणसाची तयारी करून निघाल्या होत्या. त्यांना दोष कसा द्यायचा? येशूनं आधी सांगून ठेवलं होतं, तरी कुणी जिवंत माणसाची तयारी केली नव्हती. कुणाच्या हातात भाकरी नव्हती, अंगावर घालायला वस्त्र नव्हतं. आणि आत काय सापडलं, तर योहान म्हणतो, डोक्याचं फडकं वेगळं, गुंडाळून ठेवलेलं. मार्कचं शुभवर्तमान तर चौथ्या शतकातल्या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशीच थांबतं. बायका घाबरून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत, संपलं. ढोलकी नाही, टाळ नाहीत. माझ्यासारखीला या शेवटाचा आधार वाटतो. ईस्टरची सुरुवात खात्रीनं झाली नाही, थरकापानं झाली.

मग माझा विश्वास आहे का? नववीतला तो मुलगा आता चाळिशीचा झाला असेल. भेटला तर सांगेन की बाबा रे, कसं होतं ते मला ठाऊक नाही, आणि मातीत काय होतं ते ठाऊक आहे. पण माझी आई एकावन्न वर्षं एका उठणाऱ्या माणसाची सोय करत होती. दर वर्षी तो उठला नाही, दर वर्षी तिनं चादर परत आणली, धुतली, घडी घातली. दर वर्षी निराश झालेली बाई एकावन्न वेळा असं करत नाही. तिच्या त्या करण्याला खोटं म्हणायला माझ्याजवळ पुरेसा पुरावा नाही. माझी श्रद्धा सध्या एवढीच आहे, आणि ती तिच्याकडून उसनी घेतलेली आहे.

या शनिवारी मी नगरला गेले. धाकट्याच्या, आजीच्या आणि वडिलांच्या कबरीला चुना लावला. आईच्या कबरीला ओटा अजून बांधलेला नाही. माती बसू द्यावी लागते. नुसत्या मातीला चुना कसा लावणार? कडेनं एक पांढरी रेघ ओढली. उरलेला चुना तसाच बादलीत ठेवला.

रविवारी पहाटे मंडळी जमली. "प्रभू उठला आहे", "खरोखर उठला आहे", असे एकमेकांना सलाम झाले. काळोख होता, उकडत होतं. शेजारच्या बाईंनी माझ्या काखेकडे बघून विचारलं, "ताई, बरं नाही का?" मी म्हटलं, "बरी आहे." आईच्या मातीला अजून भेगा पडलेल्या नाहीत. उजाडेपर्यंत आम्ही बसलो, मग सगळे चहाला गेले.

चादर घरी आणून धुतली, वाळवली आणि चार पदरी घडी घालून कपाटात ठेवली. यंदाही लागली नाही. पुढच्या वर्षी परत नेईन.