बैल का आले

तंजावर, रविवार रात्र

चि. बाळास,


फोन केला असता तर ओरडले असते, म्हणून लिहायला बसले आहे. तू विचारलंस काय, तर देवळाला द्यायचा दशमांश ढोबळ पगारावर काढायचा की कपाती जाऊन हातात पडतो त्यावर. एवढ्यासाठी आत्या आठवली, बरं वाटलं. पण त्याच निरोपात, जाता जाता सांगावं तसं, तू लिहिलं आहेस की वहिनींच्या पाटल्या सोनेतारणात ठेवल्या, त्यातले पैसे उपवास-सभेत शंभरपट उगवणारं ‘बीज’ म्हणून दिले, आणि शाळेच्या व्हॅनवाल्याचे दोन महिने थकलेत, ते प्रभू बघून घेईल.

आधी तुझं उत्तर. ढोबळवर दे किंवा हातातल्यावर दे, माझी हरकत नाही. पण व्हॅनवाल्याचे पैसे चुकते होईपर्यंत कशावरच देऊ नकोस. झालं उत्तर. आता पुढचं न विचारलेलं ऐक, आणि लहानपणी तुझ्या बापासमोर, आमच्या दादासमोर, नुसती मान डोलवायचास तसं करू नकोस.

तुला शिवगंगा तळ्याजवळचं ते आपलं जुनं ख्रिस्ती देऊळ आठवतं? उन्हाळ्याच्या सुटीत मी तुला ओढत नेलं होतं. आत संगमरवरात कोरलेला पाद्री बिछान्यावर पडलाय आणि सरफोजीराजे त्याचा हात धरून उभे आहेत. राजा रडतोय का, असं तू विचारलं होतंस, आणि उत्तराची वाट न बघता आइसफ्रूट मागितलं होतंस. ते शिल्प राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतलं. राजे हिंदूच राहिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरवला तो त्यांनीच. तरीही आपल्याला वाढवणाऱ्या पाद्र्याला विसरले नाहीत. तुळजाजीराजांनी 1787 साली मरताना हे दत्तक पोर त्याच्याच हाती सोपवलं होतं.

त्या पाद्र्याचं, श्वार्ट्झचं, एक प्रकरण तुला सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हा तुझं वय आइसफ्रूटचं होतं. आता कर्ज काढण्याइतका मोठा झाला आहेस, तर ऐक.

1781 मध्ये हैदरअलीची फौज या मुलखात घुसली. बांध फुटले, गुरं गेली, माणसं धरून नेली, कावेरीकाठची खाचरं पडीक राहिली. भाताचे भाव गगनाला भिडले आणि पुढे पैसे मोजूनही भात मिळेना. श्वार्ट्झने भात स्वस्त होतं तेव्हाच घेऊन भरून ठेवलं होतं. दारात आलेल्या उपाशी माणसांना त्यातूनच मिळालं. हे काम दुष्काळाच्या आधी झालं होतं, हे लक्षात घे. तुझ्या त्या सभेतले वक्ते याला अविश्वास म्हणतील. आकाशातली पाखरं कोठारात साठवत नाहीत, हा अध्याय त्यांना तोंडपाठ असतो. योसेफाने मिसरात सात सुकाळाच्या वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढवला, तो अध्याय मात्र सभेत कधी निघत नाही.

पण मला सांगायची गोष्ट यापुढची आहे. किल्ल्यातली शिबंदी उपाशी मरायला टेकली. गावांमध्ये धान्य होतं, पण वाहून आणायला बैल मिळेनात. मागे ज्यांनी धान्य आणून पोचवलं होतं त्यांचे पैसे बुडाले होते, आता कोण येणार? शेवटी खुद्द राजाच इंग्रज साहेबांना म्हणाला की तुमची आणि आमची, दोघांचीही पत गेली आहे, लोक या पाद्र्यावर विश्वास ठेवतात का ते बघू. श्वार्ट्झने गावोगाव पत्रं धाडली: ज्याचे त्याचे पैसे मी माझ्या हाताने देईन, कुणाचा बैल शत्रूने नेला तर त्याचीही भरपाई देईन. एक-दोन दिवसांत हजारावर बैल आले. 80,000 कलम धान्य किल्ल्यात पोचलं. कलम म्हणजे इथलं धान्याचं माप. सगळं संपल्यावर त्याने प्रत्येकाला पैसे चुकते केले, हातातले पुरेनात तेव्हा दुसऱ्यांचे घेऊन दिले, वर थोडी भेट देऊन घरी पाठवलं.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच वेळ. शत्रू आणखी जवळ, वाटेत जीव जायची भीती. तरीही लोक बैल घेऊन आले, कारण या माणसाकडे पैसे बुडत नाहीत हे आता माहीत होतं. काम झाल्यावर श्वार्ट्झने त्यांना खोदून खोदून विचारलं, आमच्या मंडळीतल्या कुणी तुमच्याकडून काही घेतलं का? ते म्हणाले, पैसे इतके वेळेवर मिळाले की आम्हीच तुमच्या उपदेशकाला एक साधं कापड देऊ केलं, त्याने तेही घेतलं नाही.

दादा हे ऐकून म्हणाला असता, “इंग्रज कंपनीच्याच शिबंदीला जगवलं ना शेवटी तुझ्या पाद्र्याने?” असेल. तो वाद दादाशी वरती गेल्यावर घालीन. माझं म्हणणं त्या बैलवाल्यांबद्दल आहे. त्यांना श्वार्ट्झच्या धर्माशी देणंघेणं नव्हतं. त्याची प्रवचनं ऐकून एकही बैल जुंपला गेला नाही. बैल आले ते या माणसाच्या व्यवहारामुळे. पुढे दरबारी वसुलीच्या जुलमाला कंटाळून लोक परागंदा झाले, राजाने बोलावूनही येईनात. श्वार्ट्झने शब्द टाकला तेव्हा एका दिवसात 7,000 माणसं परतली आणि हंगाम उलटून चालला होता तरी रात्रंदिवस शेतात राबली.

म्हणून माझं ठाम मत झालंय, आणि तू कितीही वचनं पाठवलीस तरी ते हलायचं नाही. महागाईच्या दिवसांत ख्रिस्ती माणसाची पहिली साक्ष म्हणजे दुसऱ्याचे पैसे दुसऱ्याला वेळेवर देणं. देवळातलं दान त्याच्यानंतर. व्हॅनवाला तुझ्या देवाला ओळखत नाही, तुला ओळखतो. तू उद्या त्याला नाताळचा केक नेऊन दिलास तर तो मनात काय म्हणेल? मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये, हा नियम मोशेच्या काळापासून आपल्या पुस्तकात आहे. अलीशा संदेष्ट्याकडे ती विधवा आली, सावकार मुलांना गुलाम करून न्यायला निघाला म्हणून. तिच्या घरात तेल वाढलं. चमत्कारच तो. पण पुढे त्याने तिला काय सांगितलं? तेल वीक, आधी कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुलं जगा. मला अर्पण आण, असं तो म्हणाला नाही. हा क्रम बघ, आणि तुझा क्रम बघ.

आणि त्या दुसऱ्या विधवेच्या दोन दमड्या! सभेत त्या दमड्यांवर रडवलं असणार, मला खात्री आहे. घरी जाऊन लूकचा तो एकविसावा अध्याय उघड आणि त्याच्या आधीच्या, विसाव्याच्या, शेवटच्या ओळी वाच. विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांबद्दल प्रभू बोलून थांबतो आणि लगेच ती बाई दिसते. पेटी फिरवणाऱ्यांनी तेवढ्या ओळी कायम गाळल्या आहेत.

मी दानाच्या विरुद्ध नाही रे. तुझा हात सैल आहे हे मला आवडतं, तो दादाकडून आलाय. श्वार्ट्झनेही दिलंच. तिरुचिरापल्लीला असताना पलंग मावेल एवढीच खोली, भात-भाजीचं ताट, काळं रंगवलेलं जाडंभरडं कापड. स्वतःला कमी लागायचं म्हणून हातात द्यायला उरायचं. 1779 मध्ये मद्रास सरकारने त्याला श्रीरंगपट्टणला हैदराकडे बोलणी करायला पाठवलं. हैदराने वाटखर्चाला 300 रुपये दिले. याने ते सरकारात जमा करायला नेले. सरकारने तुम्हीच ठेवा म्हटलं, तेव्हा तंजावरात गरीब पोरांच्या शाळेसाठी त्यातून निधी सुरू केला. मरताना जे होतं ते मिशनला ठेवून गेला. पण सावकाराच्या पैशाने दानशूर झाला, असं कुठे वाचलेलं नाही.

आपल्याकडचंच बघ. रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा टिकायचा नाही, त्यांचं घर लक्ष्मीबाईंनी ओढलं. आपण ‘स्मृतिचित्रे’ वाचून पोट धरून हसतो, पण त्या बाईच्या जागी सूनबाईला उभं करून बघ, हसू येतं का. पंडिता रमाबाईंच्या घरातली माणसं तर दुष्काळातच गेली. त्यांच्याइतकी प्रार्थना करणारी बाई आपल्या समाजात झाली नसेल. पण त्यांनी केडगावला आधी जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडं लावली. मग 1896-97 चा दुष्काळ पडला, त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, तेव्हा त्या मुलींना ठेवायला जागा होती. गुडघे टेकले आणि विहीरही खणली. विहीर खणली म्हणून देवाला राग आल्याचं मी ऐकलेलं नाही.

इकडची हालत सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की तूच एकटा भरडला जातोयस. तामिळनाडूत रेशनचा तांदूळ फुकट आहे, साध्या शहरी बसला बायकांना तिकीट नाही, 2023 च्या सप्टेंबरपासून घरच्या बाईच्या नावावर महिना हजार रुपये यायला लागले, अम्मा उणवगममध्ये रुपयाला इडली मिळत आली आहे. तरीही आमच्या गल्लीत कर्जाचे हप्ते वसूल करणारी माणसं मोटरसायकलवरून येतात आणि बायका दारं लावून घेतात. तांदूळ सुटला तरी फी, औषधं, भाडं आहेच. पण याच बायका भात शिजत घालताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकतात आणि साठला की देवळात आणून देतात. पिडी अरिसी म्हणतात त्याला. तेवढ्यासाठी कुणाला पाटल्या गहाण टाकाव्या लागत नाहीत, आणि कुणाकुणाचं जेवण होतं त्यातून. तुला द्यायचंच असेल तर सध्या एवढंच दे. प्रभू मोजमाप करत बसला तर माझं नाव सांग.

आता कामाचं. सोनेतारणाची पावती काढून मुदत कधी संपते ते बघ. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून तारणावर पैसे सढळ मिळतात, म्हणूनच मोह होतो. नुसतं व्याज भरून नूतनीकरण करत राहिलास तर मुद्दल तिथेच राहतं, आणि चुकलास तर लिलाव. थोडे थोडे का होईना, मुद्दलात भर. क्रेडिट कार्डावर ‘मिनिमम ड्यू’ भरतोस का? भरत असशील तर बंद कर. उरलेल्या बाकीवरचं व्याज महिन्याला 3 टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे वर्षाला 36 च्या पुढे. कुठलं बीज इतक्या वेगाने उगवतं, ते त्या वक्त्यांना विचार. आधी व्हॅनवाला, मग कामवाल्या मावशी, मग वाणी. ही माणसं व्याज लावत नाहीत म्हणून त्यांना शेवटी ठेवतोस ना? आपण सगळे तेच करतो. जो ओरडत नाही त्याचे बुडवतो आणि बँकेचे पहिल्या तारखेला भरतो.

आजी शनिवारी रात्री वही घेऊन बसायची ते तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतास. गिरणीवाल्याची आण्याची बाकी असली तरी रविवारी देवळात जायच्या आधी दादाला पळवायची. दादा चिडायचा. नगरला तिच्या मातीला तो गिरणीवाला रांगेत पहिला उभा होता, टोपी काढून. जाऊ दे, विषय कुठे चालला.

तुझ्या निरोपात सूनबाईचं एक अक्षर नाही. एरवी ती खाली दोन ओळी लिहिते, लेकीचा फोटो पाठवते. पाटल्या तिला विचारून ठेवल्यास ना? वहिनींनी त्या तिच्या हातात घातल्या होत्या, तुझ्या नव्हे. आणि नोकरी ठीक आहे ना? ‘सध्या घरूनच काम आहे’ असं तू मागे लिहिलं होतंस, ते मला तेव्हाही रुचलं नव्हतं. घरून काम असलेल्या माणसाला शंभरपट मिळण्याची इतकी घाई का झाली? माणूस एकदम इतका देवाला धरतो तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी निसटत असतं. मी नर्स होते, वॉर्डात पाहिलंय. लोक आधी डॉक्टरला खोटं सांगतात, मग देवाशी सौदा करतात.

मोबाइलवर झटपट कर्ज देणारी ती अ‍ॅप्स असतात, त्यांच्यापैकी एखाद्याचे पैसे घेतले आहेस का? आमच्या देवळातल्या एका मुलाने घेतले होते. त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर घाणेरडे निरोप गेले, आईला सुद्धा. घेतले असतील तर तसं सांग. मी रागावणार नाही. रागवायचं ते वर रागावून झालं. माझ्याकडे एक मुदत ठेव आहे, ती मोडता येते. पण आकडा खरा सांगायचा, सगळा, पेन्सिलने कागदावर लिहून, सूनबाईला बाजूला बसवून. तोवर व्हॅनवाल्यापुरते पैसे मी उद्या सकाळी पाठवते. ते त्याच्याच हातात पडले पाहिजेत. देऊन झाले की त्यालाच माझ्याशी दोन शब्द बोलायला लाव, हिंदी चालेल. तुझ्या शब्दावर आज मी राहणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

आणि सूनबाईला म्हणावं, रात्री कितीही वाजले तरी मला फोन कर. मी जागी आहे.

तुझी,
आत्या