पाय उचलल्यावर

ट्रान्समिशन खाली घेणं आता मला झेपत नाही. कन्व्हर्टरसकट ते जॅकवर येईपर्यंत पाठ धरते. त्याहून वाईट म्हणजे लिप सील कडेवर नीट बसलं की आत दुमडलं, हे बोटांना कळेनासं झालं आहे. ते काम हाताखालचा पोरगा करतो, आणि मन लावून करतो. माझ्याकडे टेबलावरची व्हॉल्व्ह बॉडी तेवढी राहिली. त्यामुळे इतकी वर्षं कामाच्या रगाड्यात बाजूला ढकललेली एक अडचण आता रोज समोर असते.

आम्ही बेकर्सफिल्डला. येणारे ट्रक बहुतेक डॉज रॅम, १९९६ ते २००७ मधले, ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन आणि मागे ४७आरई किंवा ४८आरई ट्रान्समिशन. कुणी घोड्यांचा ट्रेलर ओढतो, कुणी गवताच्या गाठी. प्रत्येकाची मागणी एकच, चढावर ताकद पाहिजे. चढाचं मला काही वाटत नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असतो, थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल ताणलेली असते, लाइन प्रेशर वर गेलेलं असतं. बिलेटचा इनपुट शाफ्ट, तीन प्लेटांचा कन्व्हर्टर आणि मोठा कूलर घातला की चढ निघतो. माझी झोप उडवतो तो उतार.

लॉस एंजेलिसहून परत येताना आय-५ महामार्ग टेहोन पासला ४,१४४ फुटांवर पोचतो आणि मग ग्रेपव्हाइनच्या ६ टक्के उतारानं खोऱ्यात येतो. ड्रायव्हर पाय उचलतो, एक्झॉस्ट ब्रेक लावतो. ट्रेलर ट्रकला रेटतो, ट्रक इंजिनला. हा सगळा रेटा ज्या क्लचमधून जायचा, त्यांना दाबून धरणारं प्रेशर नेमकं त्याच वेळी तळाला गेलेलं. मॅन्युअलमधल्या पहिल्या प्रेशर टेस्टचे आकडे बघा: १,००० आरपीएमला केबल ढिली असताना ५४ ते ६० पीएसआय, पूर्ण ओढल्यावर ९० ते ९६. या ट्रान्समिशनचं मूळ १९६२ च्या ए-७२७ मध्ये आहे, आणि ए-७२७ पेट्रोल गाड्यांसाठी बनलं. पेट्रोल गाडीत पाय उचलला की फारसं काही धरून ठेवायचं उरत नाही. डिझेलला ट्रेलर आणि एक्झॉस्ट ब्रेक जोडला की धरायचं काम तिथूनच सुरू होतं. कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच सुटला की आरपीएमचा काटा खाली येतो आणि वेग वाढत जातो. ब्रेक गेला, असं ड्रायव्हरला वाटतं. खरं तर क्लच जळत असतो.

मी मूळ साताऱ्याकडचा. खंबाटकी घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे उस्तादांनी आधी शिकवलं, पाना नंतर हातात दिला. त्या ट्रकांत क्लच दाबायला स्प्रिंगा होत्या. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय आहे की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. म्हणून ४७आरईच्या आतली एकच वस्तू मला आपली वाटते: ओव्हरड्राइव्हच्या डायरेक्ट क्लचवरची ती सुमारे ८०० पाउंडांची स्प्रिंग. प्रेसशिवाय तिला हात लावणारा माणूस जायबंदी होतो. पण ओव्हरड्राइव्ह बंद करून तिसऱ्यात उतरताना ती ऑइलवर विसंबत नाही.

बाकीचे क्लच विसंबतात. तीन प्लेटांनी कन्व्हर्टर सावरतो, कमी प्रेशरलाही धरतो. पण मग पुढच्या आणि मागच्या क्लचवर येतं. सरसकट प्रेशर चढवलं तर पंप आणि सीलिंग रिंगा झिजतात, आणि गावात दूध आणायला निघालेला ट्रक प्रत्येक गिअरला लाथ मारतो. ही लाथ इथली कितीतरी गॅरेजं ताकद म्हणून विकतात. गिऱ्हाइकाला दणका बसला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. मला त्या कामाची चीड येते. दणका म्हणजे कुठला तरी भाग मार खातोय, आणि ते त्यांनाही माहीत असतं. चमकणारा शाफ्ट दाखवून बिल वाढवता येतं. व्हॉल्व्ह बॉडीत चार भोकं नीट पाडली तर दाखवायला काय असतं?

तरी दाखवायची हौस मलाही आहे. प्रत्येक सेपरेटर प्लेटवर, कडेला, मी माझं अक्षर कोरतो. मालकाला ते कधी दिसत नाही. पुढे केव्हातरी दुसरा कारागीर व्हॉल्व्ह बॉडी उघडेल, भोकं बघेल आणि हात थांबवून विचारेल की हे कुणी केलं, यासाठी ते असतं. पैशापेक्षा मला याची भूक जास्त आहे.

खरी गाठ अशी की थ्रॉटल प्रेशर दोन कामं करतं. तेच लाइन प्रेशर वाढवतं आणि तेच गिअर केव्हा पडायचा ते ठरवतं. उतारावर मोटरनं केबल ओढली तर क्लच घट्ट धरतात, पण खालचा गिअर लवकर पडायला बघतो. ओल्या रस्त्यावर, मागे घोडे असताना, नको तेव्हा तिसऱ्याचा दुसरा पडला तर मागची चाकं सुटतात. म्हणून मी दोन वाटा वेगळ्या केल्या. एक्झॉस्ट ब्रेकच्या बटणावर उघडणारा छोटा सोलेनॉइड रेग्युलेटर व्हॉल्व्हला वेगळं ऑइल देतो, शिफ्ट व्हॉल्व्हना त्यातलं काही मिळत नाही. दोन्ही वाटांच्या मध्ये एक स्टीलचा बॉल आहे. ज्या बाजूचं प्रेशर जास्त, ती बाजू उघडी.

धरतं. ग्रेपव्हाइन उतरून आलेल्या ट्रकचं ऑइल लालच असतं. पण पायथ्याला ड्रायव्हर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा बॉल परतायला क्षणभर उशीर करतो आणि एक बारीक धक्का बसतो. गिऱ्हाइकाला तो जाणवत नाही, असं पोरगा म्हणतो. मला जाणवतो, थेट माकडहाडात. प्रेशर सोडणारं भोक मोठं केलं तर धक्का जातो, पण उतारावरचं प्रेशरही गळतं. जानेवारीत जमलेलं माप जुलैच्या उन्हात, ऑइल पातळ झालं की, चुकतं. आता दुसऱ्या प्लेटवर भोक तेच ठेवून बॉलची बैठक थोडी वर घेतली आहे. येत्या उन्हाळ्यात गवताचा पहिला ट्रेलर बांधला जाईल, तेव्हा उतारावर ड्रायव्हरच्या शेजारी मी बसणार आहे.