आमच्या अंगणांतील मोसंबी

“सर, तुम्ही बागेविषयीं लिहा,” असा वार्षिकाच्या विद्यार्थि-संपादकांचा आग्रह पडला. शाळेंत बागवान म्हणून माझी ख्याति झाली आहे. ती बरीचशी खोटी आहे हें सांगण्यासाठींच प्रथम लेखणी हातीं घेतों.

आमचें घर पूर्वींच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. घरामागें चाळीस फूट लांब व तीस फूट रुंद असें अंगण. तेथें माझ्या वडिलांनीं सेवानिवृत्तीच्या वर्षीं मोसंबीचें एक कलम लाविलें. शिक्षकाच्या निवृत्तिवेतनांतून त्यांनीं स्वतःच्या हौसेखातर केलेला तो एकच खर्च असावा. आंघोळीचें पाणी ते बादलीनें नेऊन आळ्यांत घालीत. झाडाखालचा पाचोळा कोणी झाडूं लागल्यास त्यांस खपत नसे; “त्याचें पांघरूण ओढूं नका,” असें म्हणत. २०१५ सालीं ते निवर्तले. पुढें चार वर्षांनीं मीं टापटिपीच्या हौसेनें सबंध अंगणास फरशी बसविली. बुंध्याभोंवतीं हातभर जागा तेवढी मोकळी ठेविली. पाहुणे म्हणत, “अंगण कसें आरशासारखें झालें!” आणि मला बरें वाटे.

पहिल्या वर्षीं फळें लहान आलीं. दुसऱ्या वर्षीं पानें पिवळीं पडलीं. मग मीं बाजारचें खत मूठमूठ घातलें, त्यावर ताजें शेणहि ओतलें, आणि रोज नळीनें बुंध्याशीं पाणी सोडूं लागलों. खोडांतून डिंक वाहूं लागला. मोसंबीचीं अन्न शोषणारीं बारीक मुळें बुंध्याशीं नसतात. तीं फांद्यांच्या घेराखालीं, जमिनीच्या वरच्या थरांतच पसरलेलीं असतात. नेमकें तेथेंच मीं सिमेंट ओतलें होतें. आणि खोडाजवळ, जेथें पाणी सांचूं देऊं नये, तेथें तें सांचविलें होतें. ताजें शेण कुजतांना उष्णता उत्पन्न होते, हेंहि शाळेंत विज्ञान शिकविणाऱ्या मला सुचलें नाहीं. २०२२ च्या उन्हाळ्यांत झाड वाळलें. मातोश्री एक शब्द बोलल्या नाहींत. मात्र मागील दाराशीं बसून तांदूळ निवडण्याची त्यांची सवय होती. त्या आतां पुढच्या ओटीवर बसूं लागल्या.

त्याच सुटींत मीं पहारीनें फरशी उखडली, आणि रात्रीं पुस्तकें चाळूं लागलों. १९७८ सालीं ऑस्ट्रेलियांतील टास्मानियाच्या बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनीं ‘पर्माकल्चर’ हा शब्द प्रचारांत आणला. कायम टिकणारी शेती असा त्याचा भावार्थ. अरण्यांत कोणी नांगरीत नाहीं, खत घालीत नाहीं, तरी तें वाढतें. तेव्हां अरण्याची रीत बागेस लावावी, हा त्यांचा मुद्दा. पण त्यांच्याहि पुष्कळ पूर्वीं, १९२४ ते १९३१ या काळांत, अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें काडीकचरा, शेण, राख व माती यांचे थर रचून सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची पद्धति बसविली होती. ह्या विद्वान गृहस्थानें हिंदी शेतकऱ्यांस आपले गुरु मानलें. हें वाचतांना मला वडिलांची बादली आठवली व पुस्तक मिटावेंसें वाटलें.

मुलांनो, पुढील हिशेब तुम्ही वहींत करून पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. आमचें छप्पर साठ चौरस मीटर आहे. वर्षाकाठीं पांचशें मिलिमीटर पाऊस धरला तर ३०,००० लिटर झाले! तें सर्व आम्ही गटारांत सोडीत होतों, आणि उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत होतों. आतां पन्हळीचें पाणी उताराला आडव्या खणलेल्या चरांत मुरतें. न्हाणीचें पाणी केळी व अळवाकडे वळविलें आहे. कोथिंबीर व पुदिना स्वयंपाकघराच्या दाराशीं आहेत, कारण ज्याची रोज गरज लागते तें दूर लाविलें म्हणजे विसरलें जातें. शेवग्याच्या विरळ सावलींत मिरची, आणि मोकळ्या जागीं चवळी. तिच्या मुळांवरील गांठींत हवेंतील नत्र बांधलें जातें. पाचोळा वीतभर जाड पसरतों. पहिल्या वर्षीं तो थेट खोडांस भिडविला आणि शेवग्यास वाळवी लागली. तेव्हांपासून खोडाभोंवतीं वीतभर जागा उघडी ठेवितों.

आणि त्या पावसाळ्यांत मोसंबीच्या बुंध्यास हिरवे धुमारे फुटले! मीं आनंदानें वेडा झालों. दहावीच्या वर्गांत तास अर्धा सोडून तीच हकीकत सांगितली. मागच्या बाकावरील एक शेतकऱ्याचा मुलगा, ज्यास मीं गणितांत सदैव खालचे गुण दिले आहेत, तास संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, रागावणार नसाल तर सांगतों. कलमाच्या सांध्याच्या खालून फुटलें असेल तर ती मोसंबी नव्हे, ती जंभेरी.” घरीं जाऊन पाहिलें. धुमारे सांध्याखालींच होते, आणि काटे बोटभर लांब. मोसंबी मेली होती. जिच्यावर तिचा डोळा बांधिला होता ती जंभेरी तेवढी जिवंत राहिली होती.

पुढील वर्षीं डिसेंबरांत त्याच मुलाचे वडील आपल्या बागेंतील मोसंबीची काडी घेऊन आले व त्यांनीं एका फांदीवर दोन डोळे बांधिले. मोबदला म्हणून त्यांनीं फक्त चहा घेतला. एक डोळा वाळला, एक फुटला. आतां तें कलम माझ्या छातीइतकें उंच आहे.

दुसरी फांदी मात्र जंभेरीचीच आहे. तिच्यावर फुलपांखराच्या अळ्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, पानें खात असतात. ती फांदी कापून टाकावी, नाहीं तर ती कलमाचें अन्न पळवील, असें तो मुलगा मला दोनदां बजावून गेला आहे. त्याचें म्हणणें खरें आहे. परंतु मातोश्री आतां पुन्हां मागील दाराशीं सूप घेऊन बसतात, आणि मीं करवत हातीं घेतली कीं म्हणतात, “अरे, त्यांनीं लाविलेलें म्हणून आतां तेवढेंच तर उरलें आहे.”

करवत अद्याप खुंटीसच टांगलेली आहे.