टाकीच्या तोंडाशी

आमच्या गृहसंस्थेच्या फाटकावरील नोंदवहीत प्रत्येक पाहुण्याचे नाव, त्याच्या वाहनाचा क्रमांक आणि येण्याजाण्याची वेळ काटेकोरपणे टिपली जाते. त्याच वहीत मैलाटाकी उपसण्यास आलेल्या चौघांची नोंद ‘टाकीवाले, इसम ४’ एवढीच पाहिली, तेव्हा मनात उसळलेला क्षोभ अद्याप शमलेला नाही.

विरारकरांना पूर्वपीठिका सांगावयास नको. ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याला, विरार पश्चिमेस ग्लोबल सिटीतील सांडपाणी प्रकल्पात चार कामगार गुदमरून मेले. अशा टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू प्रमाणाबाहेर वाढला की घ्राणेंद्रियच बधिर करतो, त्यामुळे वास नाहीसा झाला म्हणजे धोका टळला असे उतरणाऱ्यास वाटते. आणि तो कोसळला की त्याला ओढून काढण्यास उतरलेला दुसराही तेथेच राहतो.

हे सारे ठाऊक असताना आमच्याकडे टाकीच्या तोंडाशी होते काय, तर दोर, बादल्या आणि एक पहार! मी हरकत घेतली. मैलाटाकीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई असून पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, हे मी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “अहो, आपली संस्था खाजगी. जबाबदारी ठेकेदाराची. आणि ही माणसं वर्षानुवर्षं हेच करत आली आहेत.”

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतील अशाच एका खाजगी गृहसंस्थेत तिघांचा बळी गेला होता, आणि त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राज्य सरकारला केला होता, हेही मी सांगितले. परंतु मला सलते ते त्यांचे कायद्याविषयीचे अज्ञान नव्हे. हेच गृहस्थ दर प्रजासत्ताकदिनी आमच्या प्रांगणात संविधानाची उद्देशिका वाचतात, आणि ‘समानता’ या शब्दापाशी त्यांचा कंठ खरोखर दाटून येतो. हे ढोंग असते तर मला सोपे गेले असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्या ज्या विसंगत जीवनाचा इशारा दिला, ते जीवन एकाच सज्जन माणसाच्या अंतःकरणात इतक्या निर्वेधपणे नांदू शकते, याने मी आजही थक्क आहे.

ठेकेदाराने दोर गुंडाळला. मला विजयाचा आनंद झाला, तोच चौघांतला एक पोरगा पुढे आला. “काका, आजचा रोज बुडाला. तो तुमचा कायदा देणार का?” मी चौघांची मजुरी दिली. ती मोजून घेत तो म्हणाला, “दुपारी नालासोपाऱ्यात दुसरी टाकी हाय.”

तोवर मी केवळ मनाईच्या अंमलबजावणीचा आग्रही होतो. आता ती एकटी मला निष्ठुर वाटते. त्याच कायद्यात पुनर्वसनाचेही अभिवचन आहे. महानगरपालिकेने माफक आकारणीत उपसायंत्राच्या गाड्या द्याव्यात आणि त्यांवर याच माणसांना कायम वेतनावर नेमावे, असा अर्ज मी केला असून, पुढल्या सर्वसाधारण सभेत गृहसंस्थेचाही ठराव त्याला जोडून घेण्याचा माझा प्रयत्न आहे.