तीन मॅचचा कोच

नवा कोच आला की पहिल्या हरलेल्या मॅचनंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आधीचा असता तर...' हे वाक्य फुटबॉलमध्ये चालतं, तसंच ऑफिसात चालतं, सोसायटीच्या कमिटीत चालतं आणि नव्या सुनेच्या आमटीलाही चालतं. यात होतं काय, की आधीच्याचा आपल्याला शेवटचा काळ आठवतो, सगळं बसलेलं, जुळलेलं. नव्याचा मात्र पहिलाच दिवस डोळ्यासमोर असतो. आणि आपण या दोघांची तुलना करतो.

मी मारुंजीत राहतो. इथून बालेवाडीचं स्टेडियम म्हणजे हिंजवडी आणि वाकडच्या पलीकडे; ट्रॅफिकनं दया दाखवली तर बाइकवर अर्धा तास. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी तिथे एफसी पुणे सिटीच्या मॅच बघायला जायचो. आयएसएलमध्ये पुण्याचा स्वतःचा संघ होता, हे आज ज्युनियर्सना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

तो क्लब पाच सीझन खेळला आणि प्रत्येक सीझन त्यानं नव्या कोचबरोबर सुरू केला. २०१४ ला इटलीचे फ्रँको कोलोंबा, २०१५ ला इंग्लंडचा माजी मिडफिल्डर डेव्हिड प्लॅट, २०१६ ला अँतोनियो हबास, ज्यांनी कोलकात्याला पहिलीच आयएसएल जिंकून दिली होती. पहिल्या तीनही सीझनमध्ये पुणे सेमीफायनलपर्यंत पोहोचलं नाही. मग २०१७-१८ ला सर्बियाचे रांको पोपोविच आले. मार्सेलिनो आणि एमिलियानो अल्फारो ही जोडी गोल करत सुटली, संघ चौथा आला आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा सेमीफायनल खेळला. बालेवाडीत बेंगळुरूशी ०-० झालं. बेंगळुरूत सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली आणि आम्ही ३-१ हरलो. पण वाटलं होतं, आता कुठे काहीतरी जमायला लागलंय.

पुढच्या सीझनला कोच बदलला. आले मिगेल आंखेल पोर्तुगाल, आधीच्या वर्षी दिल्लीचा संघ सांभाळलेले. मार्सेलिनो होता, अल्फारो होता. त्यामुळे हिशोब सोपा वाटत होता: खेळाडू तेच, कोच नवा, म्हणजे जे बिघडेल ते कोचमुळे. दिल्लीत १-१ बरोबरी. मुंबईत ०-२. बालेवाडीत बेंगळुरूकडून ०-३. ऑक्टोबर २०१८ संपायच्या आत पोर्तुगाल गेले. तीन मॅच, म्हणजे २७० मिनिटं. आमच्या धंद्यात तेवढ्या दिवसांत एक-दीड स्प्रिंट होतो. नव्या माणसाला कधीकधी तेवढ्यात सगळे अ‍ॅक्सेससुद्धा मिळत नाहीत.

पोर्तुगाल चांगले कोच होते असं मी म्हणत नाही. मला कळलंच नाही ते कसे होते, आणि कुणालाच कळायची सोय नव्हती.

एक्स्प्रेसवेच्या दुसऱ्या टोकाला मात्र हे कळायची सोय झाली. सर्जिओ लोबेरा यांनी २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीला लीग शील्ड आणि आयएसएल कप, दोन्ही जिंकून दिले. पुढच्या सीझनच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२१ मध्ये ते गेले आणि डेस बकिंगहॅम आले. तोवर ह्यूगो बूमूस मोहन बागानला गेला होता, आणि हैदराबादला गेलेल्या ओगबेचेनं त्या वर्षी १८ गोल करून गोल्डन बूट घेतला. मुंबई पाचवी आली, प्लेऑफच्या बाहेर. 'लोबेरा असता तर' म्हणायला याहून चांगला मुहूर्त नव्हता.

पण क्लब थांबला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबईनं इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. निर्णायक हेडर मुंबईच्याच राहुल भेकेचा. आणि २०२२-२३ मध्ये लागोपाठ १८ मॅच न हरता, २० मॅचमध्ये ४६ पॉइंट आणि ५४ गोल करून शील्ड परत आली. लोबेरांच्या सीझनला तेवढ्याच मॅचमध्ये ४० पॉइंट होते. बकिंगहॅमना तीन मॅचवर, किंवा अगदी एका सीझनवर तोललं असतं, तर हे आकडे कुठे लिहिलेच गेले नसते.

नुसता वेळ दिला की सगळं जमतं असंही नाही. मँचेस्टर युनायटेडच्या डेव्हिड मोयेसना सहा वर्षांचा करार मिळाला आणि दहा महिन्यांत नारळ. लिव्हरपूलच्या आर्ने स्लॉटनी पहिल्याच वर्षी लीग जिंकली. दोघंही दंतकथा झालेल्या माणसांच्या जागी आले होते. पण फर्ग्युसननी मोयेसच्या हाती दिलेला संघ वयस्कर होत चालला होता, आणि क्लॉपनी स्लॉटच्या हाती दिलेला भरात होता. म्हणून नव्या माणसाबद्दल मत बनवण्याआधी त्याच्या हातात काय आलं होतं, ते विचारावं.

हे मी एवढं का उगाळतोय? जानेवारीपासून मी आमच्या टीमचा लीड आहे. माझ्या आधीची लीड सगळ्यांची लाडकी होती, माझीही. ती गेली त्याच महिन्यात दोन सीनियर गेले. आता रिलीज एक दिवस लांबला तरी स्टँडअपमध्ये कुणीतरी म्हणतं, 'ती असती तर...' माझं पद टिकणार की नाही, ते पुढच्या महिन्यातल्या रिव्ह्यूत ठरेल. तिच्या शेवटच्या तिमाहीचा आणि माझ्या पहिल्या तिमाहीचा आलेख एकाच स्लाइडवर असणार आहे.

परवा तिचाच फोन आला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "माझे पहिले सहा महिने कुणाला आठवत नाहीत रे, हेच माझं नशीब. जुनी तिकिटं उघडून बघ."

रात्री मारुंजीच्या फ्लॅटमध्ये बसून उघडली. तिचा पहिला रिलीज दोनदा पुढे ढकलला होता. एका तिकिटाखाली कुणीतरी लिहिलं होतं, आधीच्या लीडच्या वेळी असं होत नव्हतं. लिहिणारा अजून आमच्या टीममध्ये आहे. आता तो तिचं नाव घेतो.

बालेवाडीत आता पुण्याचा आयएसएल संघ नाही. २०१९ मध्ये क्लब बंद झाला, जागा हैदराबादला गेली. पाच सीझनमधल्या त्या कोचांची तुलना करायला मागे क्लबच उरला नाही.

तिला विचारून मी स्लाइडवर तिसरी रेघ टाकली आहे: तिची पहिली तिमाही. ती माझ्या रेघेच्या जवळजवळ वरूनच जाते.